बिराजदार सरांची सही

कशावरही सही करण्याआधी बिराजदार सर कागद उलटा करून मागची बाजू बघायचे. मस्टर असो, कुरिअरची पावती असो, गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक असो. मागं काही नसायचंच. एकदा मी न राहवून विचारलं, "सर, मागं काय असतंय?" तर म्हणाले, "बहुतेक वेळा काहीच नसतंय, कदम सर. पण ते बघून म्हणायचं."

मी रसायनशास्त्र शिकवायचो. गाव अर्धापूर, घरी केळीची बाग, आणि बागेतून सुटायची घाई. लातूरला क्लासेसचा जोर चढला तसा मीही तिकडं गेलो. बाहेरगावची पोरं लोखंडी ट्रंका घेऊन बसस्टँडवर उतरायची, गल्लोगल्ली मेस निघाल्या होत्या, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो होते. एका क्लासचा मास्तर दुसऱ्या क्लासच्या मास्तराबरोबर चहा पिताना दिसला तर संध्याकाळच्या आत ते मालकाच्या कानावर गेलेलं असायचं. आमच्या मालकांना सगळे 'मोठे सर' म्हणत. त्यांचा कुणावर विश्वास नव्हता आणि ते हे अभिमानानं सांगत.

बिराजदार सर आमच्या कॉम्प्युटर रूमचे इन्चार्ज. पेपर टाईप करायचे, छापायचे, निकालाच्या याद्या लावायच्या. अंगानं किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या आत काळ्या दोऱ्यात ओवलेला एक पेन ड्राइव्ह. क्लासची इमारत तीन मजली होती, पण सरांनी तळमजल्यावरची, पूर्वी स्कूटरी लावायची खोली मागून घेतली. टेबल दाराला चिकटून. डोक्यावर तुळई येणार नाही असं मोजून लावलेलं. "बिराजदार, तुमच्या डोक्यात भूकंप अजून चालूच आहे का?" मोठे सर सगळ्यांसमोर विचारायचे. "नाही सर," ते शांतपणे म्हणायचे, "थांबलाय. पण तुळई हाय तिथंच हाय."

त्यांचं एक पालुपद होतं. कुणी काही बातमी आणली की ते मान वर न करता विचारायचे, "बघितलं का ऐकलं?" दहातल्या नऊ जणांनी ऐकलेलंच असायचं. मग सर पुन्हा कीबोर्डकडं वळायचे. एकदा दुपारी शहरात अफवा उठली की आज पुन्हा हादरा बसणार, रेडिओवर सांगितलंय. लातूरकरांना तेवढं पुरेसं होतं. दोनशे पोरं जिन्यात अडकली, एका मुलीचा पाय मुरगळला. बिराजदार सर जिन्याच्या तळाशी उभे राहून एकेकाला विचारत होते, "रेडिओ तू ऐकलास? मग कुणी ऐकला? त्याला हिकडं बोलाव." असं विचारत विचारत ते शेवटी कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गेले. टपरीवाल्यानंही दुसऱ्याकडून ऐकलं होतं. सर परत आले आणि म्हणाले, "माग तिथं तुटला." त्या रात्री मात्र ते स्वतः अंगणात झोपले. दुसऱ्या दिवशी मी टोमणा मारला तर म्हणाले, "अफवा खोटी हाय एवढंच सिद्ध झालं, सर. जमीन खरी हाय असं कुठं सिद्ध झालं?"

या माणसाचं खरं काम क्लासचं नव्हतं. कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली आहे, फुकट आणि खुली, कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तिची निगा राखतात. तिच्यात हजारो प्रोग्रॅम. एकेका प्रोग्रॅमचं बांधलेलं गाठोडं म्हणजे पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा. मूळ प्रोग्रॅम लिहिणारा कुणी निराळाच असतो. सांभाळणाऱ्यानं तो आणायचा, आत काय आहे ते तपासायचं, मोडलेलं सांधायचं, आणि आपली सही करून भांडारात ठेवायचं. ही सही शाईची नव्हे. ती एका गुप्त किल्लीनं होते. जगातला कुठलाही कॉम्प्युटर आधी सही बघतो आणि मगच गाठोडं उघडतो. ही किल्ली त्या गळ्यातल्या पेन ड्राइव्हमध्ये होती. तिला वर परवलीचं लांबलचक वाक्यही होतं, पण ते सरांच्या डोक्यात.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं, की हा माणूस पगाराचं काम उरकून तासन् तास परदेशी माणसांना पत्रं लिहितो आणि त्यातली काही पत्रं उघडली तर नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

"ह्याचा पगार कोण देतो?" मोठ्या सरांनी मला एकदा विचारलं.

"कुणीच नाही म्हणतात."

"आणि तुम्हाला पटतं?"

मला पटत नव्हतं. फुकट कुणी एवढं करतं, हे त्या वर्षांतल्या लातुरात कुणालाच पटलं नसतं.

सरांकडं दोन पॅकेजेस होती. एक देवनागरी छपाईचं, दुसरं जुन्या, सुया आपटत छापणाऱ्या प्रिंटरचं. ते जुनं पॅकेज कुणीतरी सोडून दिलेलं, वाऱ्यावर पडलेलं. सरांनी ते आपणहून उचललं. नेपाळमधल्या एका शाळेच्या कारकुनानं लिहिलं होतं, की प्रगतिपत्रकाची शेवटची ओळ छापतच नाही, म्हणजे नेमकी पास-नापासची. सरांनी कृषी कार्यालयाच्या अडगळीतून तसला एक प्रिंटर मिळवला. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसलेलं मी त्यांना पाहिलं. पंधरा दिवस खोलीतून करकर आवाज येत होता. शेवटी एक दिवस ते मला हाताला धरून आत घेऊन गेले आणि कागदाच्या तळाशी उमटलेली ओळ दाखवली. 'उत्तीर्ण' असं होतं. "पुढच्या आवृत्तीत जाईल हे," म्हणाले. "आवृत्ती दोन वर्षांतून एकदा निघते. तारखेच्या आत ठेवलं तर ठेवलं, नायतर दोन वर्षं बसा."

त्यांची सही कशी बनली हे मला माझ्या भाडेकरारामुळं कळलं. मी घर बदलत होतो आणि साक्षीदार म्हणून त्यांना सही मागितली. कुणीही उभ्या उभ्या केली असती. सर म्हणाले, "मालक कुठं हाय?" मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी मालकाला नाव विचारलं, वीजबिल मागितलं, खोल्या मोजल्या, आणि मग कागद उलटा करून सही केली. मालक मला म्हणाला, "हे कोण, सीआयडीत आहेत का?" मला लाज वाटली. परत येताना मी जरा चिडूनच बोललो. तेव्हा त्यांनी ते सांगितलं. पुन्हा कधी सांगितलं नाही.

त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा ते सोलापूरला कॉलेजात होते. आई गेली, थोरला भाऊ गेला. हे लिहिता-वाचता येणारे म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये याद्या करायला बसले. कागदपत्रं ढिगाऱ्याखाली, म्हणून गावातल्या दोघांनी 'ही व्यक्ती आमच्या ओळखीची आहे' अशी सही द्यायची, मग नाव यादीत चढायचं. एक बाई आली, डोक्याला पट्टी, तोंडावर पदर. म्हणाली, मी सोनाबाई, तुमच्या मागच्या आळीची, वळखलं न्हाईस का? "मी रडत होतो, कदम सर. पदर बाजूला करा म्हणायला तोंड उचललं न्हाई. केली सही." दीड महिन्यानं खरी सोनाबाई दवाखान्यातून आली, एक पाय नाही. तिच्या नावाचं घर दुसरीच्या ताब्यात गेलेलं. "ती भांडली न्हाई. एवढंच म्हणाली, सिद्रामा, तुला तर माझं तोंड ठावं होतं की रे."



आता माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे.

माझी सासुरवाडी मुदखेडची. एका रविवारी बायकोला माहेरी सोडून परतीच्या गाडीसाठी मी स्टेशनवर उभा होतो, तर पलीकडच्या फलाटावर बिराजदार सर. लातूरहून इतक्या लांब, बोलले नव्हते. किनवटकडून गाडी आली, तिच्यातून एक दाढीवाला उतरला. नमस्कार नाही, चहा नाही. दोघांनी आपापले पासपोर्ट काढले, एकमेकांच्या हातात दिले. सरांनी तो पासपोर्ट त्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरून निरखला. त्यानंही तसंच केलं. मग खिशातून चिठ्ठ्या निघाल्या. एक जण अक्षरं वाचतोय, दुसरा आपल्या चिठ्ठीवर टिंबं देतोय. पुन्हा उलट. मग हात मिळवला आणि दाढीवाला त्याच गाडीत चढून गेला. सगळं मिळून दहा मिनिटं. मी वडापावच्या गाड्याआड उभा होतो. हाक मारली असती तर विषय तिथंच मिटला असता. मी हाक मारली नाही. बघत राहिलो, आणि ते मनात ठेवून घेतलं.

पुढच्याच महिन्यात आमचा सराव परीक्षेचा पेपर परीक्षेआधी दुसऱ्या क्लासच्या पोरांकडं निघाला. मोठे सर पेटले. पेपरच्या कपाटाच्या चाव्या दोन: एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. पेपर टाईप करणारे बिराजदार. म्हणजे माणसं दोनच उरत होती. आणि आज पहिल्यांदा लिहितो, त्या आठवड्यात एका दुपारी मी कपाट उघडं टाकून जेवायला गेलो होतो. पेपर तेव्हाच गेला का, मला माहीत नाही. कुणालाच कधी कळलं नाही. पण मोठ्या सरांनी केबिनमध्ये बसवून "कदम, काही दिसलं का तुम्हाला?" असं विचारलं, तेव्हा कपाटाबद्दल मी बोललो नाही. मुदखेड स्टेशन सांगितलं. पासपोर्ट सांगितला, चिठ्ठ्या सांगितल्या, दाढीसुद्धा सांगितली.

"आणि ते गळ्यातलं?"

"ते कधीच काढत नाहीत."

"काढलं तर सांगा," मोठे सर म्हणाले.

चारच दिवसांनी ते निघालं. भारनियमनाचे दिवस, इन्व्हर्टरची बॅटरी सरकवताना आम्ही दोघं होतो. ॲसिड उडालं, सरांच्या शर्टावर, छातीवर. त्यांनी शर्ट ओढून काढला, दोरा डोक्यातून काढला आणि माझ्या हातात दिला. "धरा जरा, सर." नळाखाली बसले. मग कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं. जाताना मागं वळून त्यांनी माझ्या मुठीकडं बघितलं आणि मान हलवली. आयुष्यात ज्यानं पदराआड न बघता एकदाच सही केली होती, त्यानं दुसऱ्यांदा न बघता विश्वास टाकला तो माझ्यावर.

मी जिना चढलो आणि पेन ड्राइव्ह मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांच्या भाच्यानं माझ्यासमोर तो केबिनमधल्या मशिनला लावला. आत किल्ली होती, पण परवलीच्या वाक्यावाचून उघडेना. रात्रभर लावून ठेवला, कसले कसले प्रोग्रॅम चालवले. सकाळी भाचा म्हणाला, काही निघत नाही. पेपरबिपर काही नव्हतं. मोठ्या सरांनी तो मला परत दिला. मी तो बिराजदारांच्या टेबलाच्या खणात टाकला. खणाला कुलूप नव्हतं.

सर छातीला मलम लावून आले. "किल्ली?"

"कालच खणात ठेवली, सर. तुमच्याच."

"काल किती वाजता?"

"तुम्ही गेलात तेव्हाच."

"रात्रभर इथंच होती?"

"इथंच. कोण हात लावणार?"

ते खणाकडं बघत बसले. मग उठून घरी गेले आणि एक स्टीलचा डबा घेऊन आले. डब्यात एक कागद. किल्ली बनवली त्याच दिवशी ती रद्द करायचा कागदही छापून ठेवायचा असतो, म्हणाले. तसा नियम. मी म्हटलं, "सर, वेड्यासारखं काय करून राहिलात? परवलीचं वाक्य तर तुमच्या डोक्यात आहे."

"हाय. उघडली नसंल. बहुतेक."

"मग?"

"माझी सही बघून कुठं कुठं लोक गाठोडं उघडत्यात. त्यांना मी 'बहुतेक' म्हणू?"

लाईट यायची वाट बघत आम्ही अर्धा तास बसलो. तो अर्धा तास माझ्याकडं होता. मी खरं सांगितलं असतं तरी त्यांनी किल्ली रद्दच केली असती, असं मी पुढं स्वतःला समजावत राहिलो. पण त्यांना कारण तरी कळलं असतं.  लाईट आली. त्यांनी तो मजकूर टाईप केला, आणि खाली सगळ्यांना तीन ओळींचं पत्र लिहिलं: किल्ली एक रात्र माझ्या नजरेआड होती, कुणी हात लावला मला ठाऊक नाही, यापुढं या सहीवर विश्वास ठेवू नये. कित्येक वर्षांची सही गेली. आवृत्तीच्या तारखेला आठ दिवस होते.

त्यांनी नवी किल्ली बनवली. पण नव्या किल्लीला त्या प्रणालीच्या जुन्या सभासदांची ग्वाही लागते, तीही समोरासमोर बसून, कागदपत्र बघून. निदान दोघांची. "मुदखेडला एक जण भेटला होता," सर म्हणाले, "हैदराबादचा. माझ्यासाठी वाकडी वाट करून आलता. आम्ही एकमेकांची किल्ली तपासली. आता तो परदेशात गेला." हे त्यांनी मला सहज सांगितलं.  पत्रातून त्यांनी दुसऱ्या सांभाळणाऱ्यांना विनवलं, की एवढी प्रिंटरची दुरुस्ती तुमच्या सहीनं ठेवा. उत्तर आलं: तुम्ही बिराजदारच आहात हे आम्ही कशावरून धरायचं? सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि हसले. "बरोबर बोलत्यात. मी असतो तर हेच लिहिलं असतं."

आवृत्ती निघाली. नेपाळमधल्या कारकुनाची शेवटची ओळ तिच्यात नव्हती. मोठ्या सरांनी महिनाअखेर बिराजदारांना सांगितलं, की कॉम्प्युटरचं काम आता भाचा बघेल. सर नांदेडला गेले. मी तिथंच राहिलो. त्या वर्षी माझ्या विषयाला क्लासचा निकाल चांगला लागला आणि भिंतीवर माझाही फोटो लागला.

खूप वर्षांनी, क्लास सोडून मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात आल्यावर, सर तरोड्याला राहतात असं कळलं. तरी जायला मला दोन वर्षं लागली.

गेलो तेव्हा सर अंघोळीला गेले होते. दार सुमनवहिनींनी उघडलं. मी लातूरचा म्हटल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. "तिथलं काय सांगू भाऊजी. स्वतःच्या हातानं घालवलं ह्यांनी. चार वर्षं लागली परत घ्यायला, आणि तवर ह्यांचं काम दुसऱ्याकडं गेलेलं. खणात तर होती ती किल्ली. कोण खाणार होतं तिला? ह्यांच्या संशयानं खाल्ली. मी आजबी म्हणते, तर गप बसत्यात. पहिल्यांदा भांडायचे, आता तेबी न्हाई."

सर बाहेर आले. केस पांढरे, चष्मा जाड. मला ओळखलं, चहा सांगितला. दुसरं काही बोलण्याच्या आत मी सांगून टाकलं. कपाट, मुदखेड, केबिन, भाचा, खण. क्रमानं सांगितलं, कारण किती तरी वेळा मनात म्हणून झालं होतं. शेवटी म्हटलं, "सर, मी खोटं बोललो."

त्यांचं लक्ष शेवटच्या वाक्याकडं नव्हतं.

"लावली होती?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"किल्ली. मशिनला लावली होती? तुमच्यासमोर?"

"हो. केबिनमधल्या."

"त्याला इंटरनेट होतं?"

"होतं."

"किती वेळ?"

"संध्याकाळपासून सकाळपर्यंत. काढलीच नाही."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पण पुन्हा लावला नाही. मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. जाऊ द्या सर, असं म्हणाले असते तर तेही, खरं सांगायचं तर, घ्यायला मी आलो होतो. ते उठले आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

"सुमन," त्यांचा आवाज आला, "लावली होती."

"काय लावली होती?"

"किल्ली. रातभर. इंटरनेटच्या मशिनला. तिची नक्कल कुठंबी गेली असंल."

"कुणी?"

"ते जाऊ दे गं. लावली होती. मी काय म्हणत होतो?"

असा आवाज मी लातूरला कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचा संशय मोठ्या सरांवर नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. आपणच तर उगाच भ्यालो नव्हतो ना, हा होता. मी सांगून त्यांचा तेवढा संशय फिटला. माझ्या ओझ्याशी त्यांना काही करायचं नव्हतं.

चहा तसाच ठेवून मी उठलो. अंगणात चपला घालताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसले, पाठमोरे, डाव्या हाताची मूठ मशिनसारखी धरून तिच्यात उजवं बोट खुपसून दाखवत होते, असं, असं लावलं होतं. वहिनींनी गॅस बारीक केला होता आणि त्या ऐकत होत्या.